बंद पडलेली जुनी मारुती ८००: घरी उभी करायची तर हात कुठे घालावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या गावात मामांच्या शेजाऱ्यांकडे १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. काही वर्षांपासून गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे आणि मालक पंचवीस हजार मागतात. शनिवार-रविवारी घरी काम करून ती चालती आणि नीटनेटकी करता येईल का? सुरुवात इंजिनापासून करावी की रंगापासून?

करता येईल. सुरुवात मात्र दोन्हींपासून नको. आधी कागद, मग खालचा पत्रा, मग ब्रेक, त्यानंतर इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. गाडी जितकी स्वस्त तितका हा क्रम कडक पाळायचा, कारण स्वस्त गाडीत चुकीच्या जागी घातलेले दहा हजार परत मिळत नाहीत.

गाडीची निवड चांगली आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे तिचे सामान आजही तालुक्याच्या दुकानात मिळते. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. ओम्नीत ते आडवे न बसता गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, म्हणून बाहेरचे सगळे भाग जुळत नाहीत, पण पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह अशा आतल्या सामानाची अडचण येत नाही. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. अशा गाडीत संगणक नाही, सेन्सरचा घोळ नाही. पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या तीन गोष्टी जुळल्या की ती चालू होते. नवशिक्याने हात बसवायला भारतात याहून चांगली गाडी नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी कागद

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९९ च्या गाडीची पहिली मुदत २०१४ ला संपली. पुढे २०१९ आणि २०२४ ला नूतनीकरण झाले का, ते आरसी पुस्तकात बघा. झाले नसेल तर उशिराचे शुल्क मोटारीला महिन्याला ५०० रुपये या दराने चढते. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या नंबरप्लेटचा खर्च. म्हणजे पंचवीस हजारांच्या गाडीवर कागदांचाच खर्च तेवढा होऊ शकतो. सौदा ठरवण्याआधी गाडीचा नंबर घेऊन आरटीओत जा आणि थकबाकीचा नेमका आकडा काढा.

आरसीवर बँकेचा बोजा चढवलेला आहे का, तेही पाहा. कर्ज कधीच फिटलेले असते, पण नोंद काढायची राहून गेलेली असते आणि दरम्यान ती बँक दुसरीत विलीन झालेली असते. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आणून देण्याचे काम विकणाऱ्याचे, तुमचे नव्हे. मूळ मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१ लागतो. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर ठोकलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. इंजिन बदलून त्याची नोंद केलेली नसेल तर पासिंगला गाडी अडते. कागदात गाठ असेल तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.

मग खालचा पत्रा

गाडी बघायला जाताना जुना पँट-शर्ट घाला. टॉर्च, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि अंगाखाली घालायला पोते न्या. रंगाकडे बघू नका. या गाडीला वेगळी लोखंडी चौकट नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चौकट आहे. म्हणून गंज कुठे आहे यावर सगळा निर्णय अवलंबून असतो.

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आणि तिच्याखालचा तागाचा थर उचला. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी त्या थरात साठते आणि फरशी आतून बाहेर सडते. वरून मॅट कोरडी असते, खाली पत्रा चाळणीसारखा झालेला असतो. नंतर दाराखालचे रनिंग बोर्ड दोन्ही बाजूंनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. सलग खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे एकतर पुट्टी भरली आहे किंवा पत्रा पापडी झाला आहे. डिकीतली स्टेपनीची खोबण, बॅटरीखालचा ट्रे आणि दारांच्या खालच्या कडा इथे गंज असणारच. त्याची काळजी करू नका, ते सगळे भरून निघते.

काळजी चार जागांची करा. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारी शॉक अबसॉर्बरची वरची बैठक, पुढच्या लोअर आर्मचे बॉडीला बसणारे तोंड, मागच्या अ‍ॅक्सलचे आर्म जिथे बॉडीला धरतात ती जागा आणि सीट बेल्टचे बोल्ट. इथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक जोर देऊन टेकवा. टोक आत गेले तर ती गाडी घरी आणू नका. या जागांवर चाकाचा मार आणि माणसाचा जीव अवलंबून असतो. तिथे टिकली मारून भागत नाही, पूर्ण भाग कापून मापात नवा बसवावा लागतो आणि ते घरचे काम नव्हे.

तुमच्या गाडीबाबत एक गोष्ट जास्त बघा. शेडमध्ये होती म्हणून ती वाचली असेल असे धरू नका. गोठ्याशेजारची हवा कायम ओली असते, शेणामुताच्या ओलीत क्षार असतात आणि खाली मातीची जमीन असेल तर ओल थेट गाडीच्या पोटाला लागते. गोठ्याच्या भिंतीकडची बाजू बहुधा जास्त सडलेली असणार. तपासणी तिथूनच सुरू करा.

पत्रा आणि कागद दोन्ही ठीक निघाले तर किंमत बोला. बंद गाडीचा मालक नेहमी "बॅटरी टाकली की चालू होईल" म्हणतो. ते खरे असेलही, पण तुम्ही गाडी बंदच आहे असे धरून भाव करा. चार टायर, बॅटरी, ब्रेकचे सामान आणि कागद हे तर लागणारच आहेत. मी पंधराच्या वर सहसा जाणार नाही.

गाडी पूर्ण उघडू नका

घरगुती प्रकल्प अर्धवट राहण्याचे सर्वात मोठे कारण पैसा किंवा कौशल्य हे नसते. पहिल्या रविवारी उत्साहात सीटा काढल्या, डॅशबोर्ड काढला, इंजिन खाली घेतले, दारे उतरवली आणि महिन्याभराने कोणता बोल्ट कुठला हेच कळेना, असे होते. मग पावसाळा येतो, उघड्या पत्र्याला नवा गंज धरतो, घरचे कुरकुरतात आणि शेवटी भंगारवाला टेंपो घेऊन येतो. शाबूत गाडीपेक्षा सुटी केलेली गाडी कमी किमतीला जाते.

म्हणून नियम असा ठेवा: एका वेळी एकच काम उघडायचे, ते पुरे करायचे आणि काम संपताना गाडी पुन्हा ढकलण्याजोगी झाली पाहिजे. मागचे ब्रेक उघडले तर ते बांधून होईपर्यंत कार्बोरेटरला हात लावायचा नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. दोन मागच्या चाकांपैकी एकच ड्रम एका वेळी उघडा, म्हणजे स्प्रिंग कशी बसते हे विसरलात तर दुसरे चाक बघायला असते.

हत्यारे फार लागत नाहीत. आठपासून एकोणीसपर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, गोटी पान्यांचा एक सेट, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर. गाडीखाली जायचे तर जॅकवर भरवसा नको, दोन मजबूत लोखंडी घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) घ्याच. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात लावू नका, ते न सांगता फुटतात. हलकी असली तरी ही गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास भरते.

ब्रेक आधी, इंजिन नंतर

बहुतेक जण आधी इंजिन चालू करतात आणि चालू झाले की अंगणात फेरी मारतात, ब्रेक नसताना. हे टाळा. उभ्या गाडीचे ब्रेक हमखास गेलेले असतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ती ओल सिलिंडरला आतून गंजवते.

मागचे ड्रम काढा. ड्रम अडकला असेल तर घण घालू नका, ब्रेक शू सैल करून मग हलके ठोका. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचे रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर नवाच घ्या. रबर किट टाकून आतली खडबडीत भिंत गुळगुळीत होत नाही. पुढे कॅलिपरचा पिस्टन हाताच्या दाबाने मागे जातो का पाहा. लवचिक होजपाइप वाकवून बघा आणि भेगा दिसोत न दिसोत, बदला. लोखंडी पाइप खाली जिथे क्लिपमध्ये धरलेले असतात तिथेच गंजतात. क्लिप काढून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

ब्रेकचे कोणतेही रबर पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवू नका, ते फुगते. ब्रेक ऑइलनेच धुवा. नवे ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, बंद डब्यातले. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे, आणि शेवटी पुढचे उजवे. पेडल दगडासारखे घट्ट लागून तसेच टिकले पाहिजे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला.

ब्रेकचे सामान जुन्या बाजारातून घेऊ नका आणि डब्यावर छाप आहे म्हणून विश्वासही ठेवू नका, नकली माल खूप आहे. दार, काच, मीटर, सीट, बंपर हे कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा जवळच्या स्क्रॅपवाल्याकडून खुशाल घ्या. गाडी अडवणारे आणि वळवणारे, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंगचे, सगळे सामान नवे आणि अधिकृत दुकानातले.

इंजिन जागे करणे

किल्ली फिरवण्याची घाई नको. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका, पुन्हा ऑइल आणि आणखी दोन दिवस. मोकळे फिरले की जुने ऑइल काढा, फिल्टर बदला, नवे भरा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कोणालाच माहीत नसते, म्हणून तो आणि त्याचा टेन्शनर बदला. बेल्ट दिसायला चांगला असला तरी वर्षानुवर्षे एकाच जागी वाकून राहिलेला असतो.

टाकीतले पेट्रोल म्हणजे आता वार्निश. टाकी उतरवा, रिकामी करा, आत टॉर्चने गंज पाहा. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते, आता वीस टक्क्यांपर्यंत आहे. आपल्या ऊसपट्ट्यात कारखाने ते बनवतात हे चांगलेच, पण या गाडीच्या जुन्या रबराला ते मानवत नाही. होज फुगतात, चिरतात, कार्बोरेटरचे गॅस्केट चिकट होते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी होज इथेनॉल चालणारा नवा टाका. हा खर्च किरकोळ आहे आणि तो टाळला तर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकते. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोके) हवेने साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पुढे गाडी फारशी वापरायची नसेल तर टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्याला एकदा तरी फिरवा.

नव्या बॅटरीचा जोड देण्यापूर्वी वायरिंग तपासा. शेडमधल्या गाडीत उंदीर राहून गेलेला असतोच. बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे कुरतडलेल्या वायरी शोधा, त्याच जाडीच्या वायरने सोल्डर करून जोडा. फ्यूजच्या जागी तार कधीही नको. अर्थिंगच्या पट्ट्या बॉडीला जिथे बसतात ती जागा घासून चकचकीत करा, निम्मे विजेचे दोष तिथेच संपतात.

आता प्लग न लावता स्टार्टर मारून कॉम्प्रेशन घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. तिन्ही सिलिंडर दीडशे पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडू नका. पुन्हा सांगतो, उघडू नका. थोडा निळा धूर येत असेल तर बहुतेकदा व्हॉल्व्ह सील कडक झालेली असतात. एखादे सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले, न चढला तर दोष व्हॉल्व्हचा. शेजारशेजारची दोन खाली असतील तर हेड गॅस्केट. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि नळाचे पाणी घालून वर्षानुवर्षे गरम चालवलेल्या गाडीत ते वाकते. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने मोजा. ०.०५ मिलिमीटरहून जास्त फट असेल तर फेसिंग करून, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. बोअरचे काम निघालेच तर सांगलीहून कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर जवळ आहे. तिथल्या लेथवर असली कामे पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठा) पिस्टन आधी विकत घ्या आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या.

रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, होज आणि थर्मोस्टॅट बदला आणि कूलंट घाला. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळेल. ऐकू नका. इंजिन कधीच नीट तापत नाही आणि जास्त झिजते.

गंज कापणे

फरशी आणि रनिंग बोर्ड सडले असतील तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. गंजावर पत्रा ठेवून वेल्डिंग केले तर दोन पावसाळ्यांत कडेने पुन्हा सुटते. वीस गेजचा पत्रा, मिग वेल्डिंग आणि एका जागी सलग न ओढता टाके-टाके मारत जाणे, नाहीतर पत्रा तापून वाकडा होतो. बॅटरी काढून ठेवा, मागच्या भागाचे काम असेल तर पेट्रोलची टाकी गाडीपासून लांब ठेवा आणि पाण्याची बादली हाताशी. वेल्डिंग येत नसेल तर कापून, साफ करून, तुकडे मापात बसवून ठेवा आणि वेल्डर एका दिवसासाठी घरी बोलवा. पैसा सगळा तयारीत जातो आणि ती तुम्ही केलेली असते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून रस्ट कन्व्हर्टर, त्यावर एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर आणि मग खालचा काळा कोट. हा कोट ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारला तर खाली पाणी अडकते आणि पत्रा आतून जातो. विकायच्या गाड्यांना घाईत काळा कोट मारलेला असतो तो यासाठीच, आतले दिसू नये म्हणून. दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी निघायची भोके असतात, ती सुईने मोकळी करा. पोकळ जागांत मेणाचा फवारा मारा. हे सगळे मे महिन्यापर्यंत आटपेल असे बघा.

रंग आणि आतले

घासणे, पुट्टी आणि सरफेसर घरी करा. शेवटचा कोट मात्र बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, द्या. आजच्या टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातला हार्डनर फुप्फुसाला घातक असतो, साध्या कापडी मास्कने तो अडत नाही आणि अंगणात धूळ बसते ती वेगळीच. रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. रंग कितीला पडेल ते आधी विचारून ठेवा, कारण एकट्या रंगाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जातो. तो पहिल्याच वर्षी केला पाहिजे असे नाही. सीट कव्हर, मॅट, दाराचे रबर यांना एक शनिवार पुरे.

रस्त्यावर

पासिंग, विमा आणि पीयूसी होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर नको, कंपाउंडमध्येच हलवा. कागद झाल्यावर पहिले पन्नास किलोमीटर गावाजवळच. जवळ पाने, पाणी आणि एक मोकळा मित्र ठेवा. दर दहा किलोमीटरला थांबून चारही चाकांना हात लावा. एकच चाक गरम लागत असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. नक्षी कितीही उभी असली तरी जुने टायर घेऊन हायवेला जाऊ नका. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन ऑइल पुन्हा बदला, आतला साठलेला मळ त्यात उतरलेला असतो. चाकाचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट आणि तुम्ही उघडलेले सगळे जोड टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. ब्रेक ऑइलची पातळी पाहा. ती जराही खाली गेली असेल तर वरून भरू नका, गळती शोधा.